कोना हात शे?

नामदेवआप्पांना एखादी गोष्ट आवडली, की समोरच्या माणसाला घाम फुटायचा.

सुरतेत उधन्याच्या नाक्यावर लोचोची, म्हणजे मऊ, मोकळ्या ढोकळ्यासारख्या सुरती खाण्याची, गाडी होती. आप्पांनी पहिला घास घेतला, जाड भुवया वर चढवल्या आणि भर गर्दीत आमच्या अहिराणीत गरजले, "कोना हात शे?" म्हणजे, हे कोणाच्या हातचं? गाडीवाल्याला वाटलं, लोचोत केस निघाला. "भूल थई गई काका, बीजी प्लेट आपुं?" म्हणत तो दुसरी प्लेट भरू लागला. आप्पांनी त्याचा तेलकट हात धरून आपल्या कपाळाला लावला आणि चालू लागले. तो बिचारा बराच वेळ आपल्या हाताकडेच बघत राहिला.

एकदा गावाहून येताना आमची आगगाडी उधन्याला थांबली, तर हे थेट इंजिनापाशी. "ब्रेक कोना हात शे? बाजूच्या बाईचं पोर जागंसुद्धा नाही झालं, भो!" ड्रायव्हरने पुरतं न ऐकताच तक्रारीच्या खिडकीकडे बोट दाखवलं.

"आप्पा, कशाला लोकांना घाबरवता?" मी म्हणायचो.

"ज्यानी करं त्याले सांगं नही, ते समजी कसं?"

मी धुळ्याकडचा. सातवीतून शाळा सोडून सुरतेला आलो, तेव्हा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, धाग्याची तार तुटली की मला ती धड जोडता यायची नाही. मी मारलेली गाठ कापडावर पुटकुळीसारखी वर यायची. शेठ मला काढणारच होता. आप्पा शेजारच्या लूमवर. त्यांनी माझी बोटं आपल्या बोटांत धरली. "गाठ बसाले पाहिजे, दिखाले नको." ती गाठ बसली आणि मी सुरतेत टिकलो.

पुढे आप्पांचे डोळे अधू झाले. तार दिसेना, बोटांच्या अंदाजाने जोडायचे. शेवटी कायमचे गावी निघाले. आता नाही बोललो, तर हा माणूस न ऐकताच जाणार. पण बोलायचं कसं? आमच्यात घरच्या माणसाचे कोणी आभार मानत नाही. मला येत होतं ते एकच, शाळेतल्या पंधरा ऑगस्टचं आभारप्रदर्शन. शेवटच्या दिवशी लूम थांबताच मी हात जोडून उभा राहिलो, "आज येथे उपस्थित असलेले नामदेवआप्पा, आपण वेळात वेळ काढून..."

"कारे भो," आप्पा म्हणाले, "मी पाव्हना शे का? मंग मना नारळ कोठे शे?"

सगळा कारखाना हसला. माझे कान तापले. कुठे बघावं कळेना, म्हणून त्यांच्या लूमवरच्या कापडावरून उगाच हात फिरवला. दिवसभर त्यांची तार कितीदा तरी तुटली होती, मी बघत होतो. बोटांना एक गाठ लागेना. तोंडातून आपोआप निघालं, "आप्पा, कोना हात शे?"

आप्पांचं हसू मावळलं. ते घाईघाईने वाकले, डोळे कापडाला टेकवले आणि बोटांनी चाचपू लागले. "कोठे? डाग पडना का? कोठे शे, दखाड माले."

इतकी वर्षं त्यांच्या कापडाबद्दल विचारायला जो आला, तो खोट काढायलाच आला होता.

मी तो चाचपडणारा हात धरला आणि माझ्या कपाळाला लावला.