शेळकेसाहेबांची साडेतीन पानं

शेळकेसाहेब येताना दिसले की माझी बायको दोरीवरचे कपडे आत घेई. कारण टिचबटणं. पोलक्याचं, झबल्याचं, उशीच्या अभ्र्याचं, जिथे म्हणून टिचबटण दिसेल तिथून ते मागून घेत. मागूनच, पण नाही म्हणायला सवड देत नसत. कात्री खिशात तयार असे.

हैदराबादेत, हिमायतनगरात आमच्या भिंतीला भिंत लावून ते एकटेच राहत. मूळचे हिंगोलीकडच्या शेतकरी घरातले, सरकारी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. बटणं शिकवण्यासाठीच लागत. दोन लांब नाड्यांवर त्यांनी शेकडो टिचबटणं शिवली होती आणि त्या एकमेकींना जोडून म्हणत, "हा पेशीतला वारशाचा रेणू." वर्गातल्या सगळ्यात दांडग्या पोराला ते नाड्या दोन्हीकडून ओढायला लावत. पोरगा घामाघूम होई. मग साहेब स्वतः एक टोक धरून दोन बोटांनी टक टक करत सगळी उघडून दाखवत.

"एकेक बंध कमजोर आहे, पण बंध थोडे नाहीत!" हे त्यांचं पालुपद. "सगळे पक्के असते तर पेशीनं हे उघडून नक्कल कशी केली असती? आईचे डोळे पोरीला कसे मिळाले असते, बोला!"

हेच ते उर्दूत सांगत, तेलुगूत सांगत, आणि मागच्या बाकावरच्या नांदेडच्या पोरासाठी मराठीत. मी जाधव, महसूल खात्यातला कारकून. एकदा त्यांचा डबा द्यायला गेलो आणि तास संपेपर्यंत दारातच उभा राहिलो. असा मास्तर मला मिळाला असता तर मी आज कारकून नसतो, असं मला अजून वाटतं.

घरीही सुटका नव्हती. एका सकाळी बायकोनं तव्यावर अंडं फोडलं तर हे खिडकीतून ओरडले, "थांबा वहिनी, बघा! पांढऱ्यातले धागे किती नीट घडी घालून ठेवलेले असतात. आच लागली की घडी धरणारे बारीक बंध सुटले, धागे एकमेकांत गुंतले. आता पुन्हा पातळ होणे नाही!" तोवर अंडं करपलं. ते त्यांनीच खाल्लं आणि दुसऱ्या अंड्यावर व्याख्यान पुन्हा सुरू केलं.

मग छप्पन साली हैदराबाद राज्याचे भाषेप्रमाणे तीन तुकडे व्हायचं ठरलं. आम्हा नोकरदारांना फॉर्म आले: हैदराबादेत राहणार की आपल्या भाषेच्या मुलखात जाणार, आणि का? माझे सासरे औरंगाबादेत अंथरुणाला खिळलेले. मी तेवढंच लिहिलं, लगेच मंजूर झालं. शेळकेसाहेबांना मात्र हे सांगायचा धीर होईना. आज सांगू, उद्या सांगू करत आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी ते मलाच सोबत घेऊन कचेरीत गेले. त्यांना हैदराबादेतच राहायचं होतं. फॉर्मला साडेतीन पानं जोडली होती, कारणांची. तिथल्या कारकुनानं ती चाळली आणि परत केली.

"प्रोफेसर साब, इत्त्या छोट्या छोट्या बातां कायकू लिखे? एकीच लिखो, पक्की. बीवी? बच्चे? जायदाद?"

"कुछ नईं," साहेब म्हणाले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

बाकावर बसून मी ती पानं वाचली. कोपऱ्यावरचा इराणी न सांगता चहात साखर कमी घालतो. शिंपी रहीमभाई जुनी बटणं माझ्यासाठी राखून ठेवतात. तिसऱ्या कारणापासून पुढे मात्र मला अक्षरं नीट दिसेनात. वहिनी रोज संध्याकाळी खिडकीतून 'जेवलात का' विचारतात. त्यांची कुंदा गणित अडलं की काका म्हणून हाक मारते. जाधवांना माझं बोलणं समजत नाही, तरी ते मान हलवतात.

पानंच्या पानं आमच्याच घरानं भरली होती, आणि ते घर मी हलवायला काढलं होतं.

"साहेब," मी म्हणालो, "आम्ही औरंगाबादला चाललोय. फॉर्म देऊन झाला. तुम्हाला सांगायला हवं होतं, माझी जीभच रेटली नाही."

ते पेन काढून आमची कारणं एकेक करून खोडू लागले. साडेतीन पानांत इराणी, रहीमभाई आणि आणखी दोनचार ओळी उरल्या. त्या त्यांनी बोटानं मोजल्या. मला रडू येत होतं आणि कचेरीत रडायची लाज वाटत होती.

मग ते उठले. खिडकीपाशी जाऊन कोरा फॉर्म मागितला, उभ्या उभ्या भरला आणि आत सरकवला. कारकुनानं ठिकाण वाचलं, औरंगाबाद. खाली कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता.

"पडोसी?" तो चष्म्यावरून बघत म्हणाला. "ये क्या वजह हुई, साब?"

"आपीच बोले ना," शेळकेसाहेब म्हणाले, "एकीच लिखो, पक्की."