भाईकाकांच्या वंशावळीतली शालन

आमच्या मसुऱ्याच्या भाईकाकांकडे आधी कूळ सांगावं लागतं, मग पाणी मिळतं. नेहमीच्या पोस्टमनलासुद्धा त्यांनी आजोबांचं नाव विचारून उन्हात उभं केलंय. "मूळ सांग, मगे बोल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी आरोग्यसेवक. जन्मतः ऐकू येत नाही आणि वाढत्या वयात डोळेही जातात, असा एक आजार काही घराण्यांतून उतरतो. त्यावरच्या संशोधनासाठी मुंबईचे कानाचे डॉक्टर, डोळ्यांचे डॉक्टर आणि परदेशातली एक प्रयोगशाळा एकत्र आलेत. एकत्र ते आलेत, वणवण माझी. घरोघर वंशावळ लिहायची, रक्ताचे नमुने घ्यायचे. पार कंटाळून गेलो होतो.

काकांची नात मनी चार वर्षांची, जन्मापासून ऐकू न येणारी. तिच्या डोळ्यांचं पुढे काय, या धास्तीने काकांच्या सुनेनेच नाव नोंदवलं होतं.

काकांनी हौसेने वंशावळीची गुंडाळी उलगडली. अकरा पिढ्या, आणि बाई एक नाही!

"काकानू, एवढी पोरां काय झाडाक लागली?"

"चेडवां लगीन होवन परघरची. ती वंशावळीत कशाक?"

दुखणं आईबाप दोघांकडून येतं, हे सांगून माझा घसा बसला. तीन खेपांत अडीच आत्या मिळाल्या. अर्धी म्हणजे सावत्र.

चौथ्या खेपेला सून दारातूनच सासऱ्यांना म्हणाली, "मामांनू, मनीच्या डोळ्यांसाठी विचारतत ते."

काकांनी गुंडाळी पुन्हा उलगडली. मग म्हणाले, "लिही. शालन. माझी धाकटी भयण. ऐकूक येय नाय, मगे दिसाचाय बंद झाला. थोरल्या भयणीचा लगीन मोडात म्हणान बापाशीन शालनचा नाव कोणाक सांगूक दिला नाय. ता मरासर मीच सांभाळलंय तिका."

"तिच्याशी बोलायचात कसे?"

"तळहातार बोटान लिवय. मासळी कसली ती. आज बांगडे हाडलंय, आज सुंगटां. मगे खुदकन हसा ता."

मी पेन काढलं. वंशावळीत शालनचं नाव लिहिलं, काकांचं रक्त घेतलं.

"निकाल कधी?"

"महिने लागतील, काकानू."

त्यांनी मनीला मांडीवर घेतलं, तिचा तळहात उघडला आणि बोटाने सावकाश एक अक्षर काढलं. मनी आधी हाताकडे, मग त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तिका दिसता तवसर शिकान घेवदे," काका म्हणाले.