नथ्थूजी मिस्त्रींची सुधारलेली वर्णमाला

आमच्या नथ्थूजी मिस्त्रींचं वर्णमालेशी वैर होतं. तिच्यातलं एकही अक्षर मापात नाही, असं त्यांचं ठाम मत. एकटा 'ठ' तेवढा त्यांना पसंत होता.

इंग्रज अजून जायचे होते तेव्हाची गोष्ट. मी गोंदियाला स्टेशनाजवळच्या एका छापखान्यात प्रुफं तपासत असे. जाहिरातीचे मोठे खिळे, म्हणजे छपाईचे अक्षरठसे, नागपूरहून लवकर येत नसत, म्हणून शेठजींनी आमगावच्या या सुताराकडून शिसवी अक्षरं कोरून घेतली. मिस्त्रींनी संधी साधली आणि कंपास-पट्टी घेऊन आख्खी वर्णमाला सुधारली. त्यांचा 'झ' उलटलेल्या बैलगाडीसारखा दिसे.

"अक्षर गोल पायजे, नाही त सरळ पायजे. बाकी नुसते नखरे!" ते म्हणत. नखऱ्यांत 'ध'च्या डोक्यावरची गाठही गेली.

ही अक्षरं जुळवायचे म्हातारे जुळारी गोमाजी. तेही आमगावचेच. दोघं दिवसभर एकमेकांवर खेकसत.

एकदा धानाच्या एका व्यापाऱ्याची जाहिरात आली. अर्जुनीपर्यंतच्या भिंतींवर ती झळकली, 'आमच्याकडे उत्तम घान मिळेल.' आमच्या भागात 'ण'चा उच्चार 'न'च. तेव्हा काय मिळेल ते गावोगाव कळलं. व्यापारी तणतणत आला, "क्यों जी, मैं घान बेचता हूं?"

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "धान पिकवनारा मानूस धानच वाचते. तुमच्याच मनात घान असन त मी का करू?"

प्रूफ मीच पास केलं होतं. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

शेठजींनी मात्र नागपूरहून नवे खिळे मागवलेच. सुबक, नाजूक वळणांचे. पहिल्याच पत्रकाचं प्रूफ हातात आलं आणि मी चक्रावलो. ओळीओळीत चुका! गोमाजींना दाखवायला गेलो, तर त्यांनी कागद नाकाशी नेला. तो उलटा धरला होता.

मागून मिस्त्रींनी माझा दंड धरला. एवढ्या हळू आवाजात ते बोलू शकतात हे मला ठाऊक नव्हतं.

"शेठजीले सांगू नका जी. गोमाजीले दिसत नाही आता. गोल अन् सरळ, एवढंच बोटाले समजते. म्हनून त अक्षरं तसे कोरले."

मी त्या ओळी स्वतः पुन्हा जुळवल्या आणि शेठजींना सांगितलं, गोमाजींनी केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस्त्री आले आणि गोमाजींजवळ खाली बसले. नवा एकेक खिळा ते त्यांच्या तळहातावर ठेवत होते.

"हा 'क' होय. पाह्य बरं चाचपून."

"लय बारीक हाय रे."

"राहू दे. आनखी एकडाव पाह्य."