गायधनींना मिळालेली मुदत

सातपूरच्या एका कारखान्यातल्या फुटबॉल संघाचे मॅनेजर गंगाधर गायधनी यांना काढावं की आणखी वेळ द्यावा, हे ठरवायला शनिवारी दुपारी कॅंटीनमध्ये बैठक बसली. गायधनी मुळात स्टोअर्सचे साहेब. अठ्ठ्याण्णव साली विश्वचषकाच्या भरात कारखान्याने संघ काढला आणि शांत स्वभावाचा माणूस म्हणून तो त्यांच्या गळ्यात घातला. तेव्हापासून संघ एकही सामना जिंकला नव्हता.

गेल्या रविवारी तर कहर झाला. गायधनी मैदानाच्या कडेला बसून पांडवलेण्यांच्या डोंगरावर घिरट्या घालणारी घार बघत होते. त्या तंद्रीतच त्यांनी तोंडासमोरची गांधीलमाशी हाताने हाकलली. गोलकीपर सहादूला वाटलं, साहेब बोलावताहेत. तो धावत आला, काय साहेब म्हणून अदबीने उभा राहिला, आणि मागे मोकळ्या जाळीत चेंडू गेला.

खरं तर गायधनींनाच सुटायचं होतं. रविवारी येवल्याला जाऊन पैठणी घेऊ, असं ते गणपतीपासून बायकोला, मालिनीबाईंना, सांगत होते आणि दर रविवारी सामना निघत होता. आज मी आपणहून सोडतो, असं सांगूनच ते घरातून निघाले होते.

पण बैठकीत त्यांना बोलायची संधीच मिळेना. फोरमन कारभारी म्हणाले, आता पुरे झालं, दुसरा माणूस बघा. कप्तान वाल्मीकचं म्हणणं वेगळं. साहेब कधी ओरडत नाहीत, हरल्यावर आधी कुणाला लागलं का ते विचारतात. अशा माणसाला वेळ द्यायला हवा. वाद लांबत गेला. गायधनींच्या पाठीवर खिडकीतून हिवाळ्याचं ऊन येत होतं आणि पोटात कॅंटीनची मिसळ होती. त्यांचे डोळे मिटले. स्वप्नात ते नाशकातल्या द्वारका चौकात उभे होते. येवल्याची एसटी निघायच्या बेतात होती, मालिनीबाई निवांत पेरू निवडत होत्या, आणि कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर गेला होता.

"मग गायधनीसाहेब, सोडताय ना?" कारभारींनी विचारलं.

"थांबा," गायधनी मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले. "अजून वेळ आहे."

इतक्या महिन्यांत साहेब एवढं ठाम कधी बोलले नव्हते. पहिली टाळी कारभारींनीच वाजवली. त्या कडकडाटाने गायधनी जागे झाले, तोवर होळीपर्यंतची मुदत मंजूर झाली होती. खरं काय ते सांगायला ते उठले. पण समोर सहादू बाहीने डोळे पुसत होता.

"आता जागा नाय सोडनार, साहेब," तो म्हणाला.

गायधनी पुन्हा खाली बसले. आतून त्यांना थोडं बरंही वाटत होतं.

संध्याकाळी त्यांनी मालिनीबाईंना सगळं सांगितलं, पेरूंसकट. बाई म्हणाल्या, "ते ऑफसाइड म्हणजे काय, एवढं तरी आता त्या वाल्मीकला विचारून घ्या."

"विचारलं होतं," गायधनी म्हणाले. "तो म्हणाला, साहेब, मीच तुम्हाला विचारणार होतो."