तिसऱ्या महालीं दोन प्रहर हरपले त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. वीजमाउलीस दंडवत, जी येतांच राज्य जागें होतें. शके एकोणीसशें तीस, सर्वधारीनाम संवत्सरे, ते वर्षीं वर्तमान घडलें ऐसें जे:

संगणकाचे पोटीं नखाएवढ्या चकतीवर एक राज्य होतें. त्यांत चार महाल, त्यांस कोर म्हणत, आणि महालोमहालीं एकेक घड्याळ, आणि तीं एकमतें चालवावीं हें काम निळो विसाजी घटिकाधिकारी यांजकडे. पंत कामाचे चोख, परंतु विड्याचे भारी शौकी. तिसऱ्या महालीं रीत ऐसी कीं, काम नसतां वीज वांचवावी म्हणोन किल्लेदार निजत, आणि त्यांसवें घड्याळही निजे. एके दिवशीं पंतांनीं पहिल्या महालांतून भिवजी जासुदासंगें तेथें खलिता धाडिला. किल्लेदार जागे होऊन पाहतात तों खलित्यावरील वेळ महालांत अजून झालीच नव्हती! मग संतापून बोलिले, "निघायच्या आधींच पोंचलास? लेका, चेटूक करतोस?" आणि दोन प्रहरांचा टोल पडतांच कडेलोट करावा ऐसा हुकूम केला.

हें वर्तमान पंतांस कळलें. मग पहिल्या महालची वेळ घोकीत धांवले, आणि वाटेंत संवयीनें विडा लावावयास बसले, आणि पोंचले तों घोकलेली वेळ शिळी! मग कपाळावर हात मारून माघारीं गेले, आणि विडा न खातां जाण्यायेण्याचा वेळ मोजून त्याचा निम्मा मिळविला, आणि खरी वेळ घेऊन आले. पाहतात तों घड्याळ दोन प्रहरांस टेकलेलें आणि भिवजी कड्यावर उभा. कांटा न ढकलावा तर भिवजी चेटक्या ठरतो, ढकलावा तर टोल आपलेच हातें पडतो. मग पंतांनीं डोळे मिटून कांटा एकाच झटक्यांत खऱ्या वेळेवर, दोन प्रहरांपलीकडे, नेऊन ठेविला.

टोल पडलाच नाहीं.

किल्लेदार पुसते झाले, "दोन प्रहर कधीं होणार?"

"होऊन गेले, सरकार."

"झाले कधीं?"

"झाले नाहींत. नुसतेच गेले."

टोलाविना कडेलोट करणें रीतीबाहेर, म्हणोन भिवजीस सोडिलें. परंतु मुदपाकखान्यांतही त्याच टोलावर पान मांडीत. सबब किल्लेदार दिवसभर उपाशी राहिले, आणि दोन प्रहर कोठें गेले याचे चौकशीस तयार झाले. तींत निजलेल्या घड्याळाचा दोष निघाला आणि भिवजी निर्दोष ठरला.

तात्पर्य, तेव्हांपासून वहिवाट पडली कीं, मागें पडलें घड्याळ हळूहळू दामटावें, उडी मारूं देऊं नये, आणि मागें तर कधींच फिरवूं नये. पंतांस विडा हल्लीं भिवजी देतो, तोही चालतां चालतां. इति.