आठव्या महिन्यातली जीप

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. इंजिन कसं चालतं हे गेली नऊ वर्षं फळ्यावर रंगीत खडूंनी काढून दाखवते आहे, आणि आजवर माझं एकही इंजिन बंद पडलेलं नाही! त्यामुळे बाबांनी जेव्हा जाहीर केलं की शेडमधली जुनी जीप भंगारात द्यायची, तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवून म्हटलं, "द्यायची नाही. मी चालू करून दाखवते."

"तू?" बाबांनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे आणि मग माझ्या पोटाकडे बघितलं. चौथा महिना होता. पोट अजून नुसतं जास्त जेवल्यासारखं दिसत होतं.

"मीच. इंजिनाला लागतं काय? हवा, इंधन आणि ठिणगी. हवेची काळजी नको, ती सगळीकडे असते. राहिल्या दोनच गोष्टी!"

बाबांनी नोकरीभर जमिनी मोजल्या. डोंगर, दऱ्या, नदीपात्रं, जिथे रस्ता नाही तिथे ते या जीपने जायचे. मी जन्मले तेव्हा हॉस्पिटलातून मला घरी आणलं तेही हिच्यातूनच, आईच्या मांडीवर. आई गेली आणि बाबांनी जीपवर ताडपत्री टाकली ती टाकलीच. माझं बाळही हिच्यातूनच घरी यावं असं मला वाटत होतं. पण हे बाबांना सांगायचं तर आईचा विषय निघाला असता, म्हणून मी हवा-इंधन-ठिणगीवर बोलायचे.

"अगं, मी शेड मोकळी करतोय ती नातवंडासाठीच," बाबा म्हणाले. "खेळायला जागा नको का? बरं, आठव्या महिन्याच्या पहिल्या रविवारपर्यंत मुदत. तोवर चालू झाली तर तुझी. नाहीतर भंगारवाला येऊन घेऊन जाईल. मी त्याला सांगून ठेवलंय."

"कबूल!" मी म्हटलं.

घरी आल्यावर हे नवऱ्याला सांगितलं. नवरा दातांचा डॉक्टर आहे. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे खाली वाकायचं, आत हात घालायचे, बोल्ट काढायचे, हे सगळं…"

"ते तू करायचंस. मी सांगेन."

तो बिचारा हो म्हणाला. पहिलं मूल होणार असलेला नवरा कशालाही हो म्हणतो. त्या दिवसांत कोणी त्याला विमान दुरुस्त करायला सांगितलं असतं तरी त्याने फक्त कुठल्या वारी एवढंच विचारलं असतं.

तर कामाला सुरुवात झाली. दर रविवारी आम्ही दोन गल्ल्या ओलांडून बाबांच्या शेडमध्ये जायचो. मी खुर्चीत, मांडीवर आकृत्यांची वही. नवरा कपाळाला दवाखान्यातला दिवा बांधून इंजिनात डोकं घालून. एका हातात दात बघायचा छोटा आरसा आणि दुसऱ्या हातात ती बारीक हुकासारखी सळई. एकेका फटीतला मळ तो असा हळुवार खरवडायचा की मला माझ्याच दाढेत शिरशिरी यायची.

"बरीच कीड आहे," तो आतून म्हणायचा. "घासत नव्हते वाटतं."

"गंज म्हण रे!"

"तेच ते. आणि हे प्लग बघ, हिरड्या पार काळ्या पडल्यात."

मी वर्गात ओरडते तसं ओरडायचे, तो वर्गातल्या मुलांसारखा ऐकल्याचं दाखवायचा, आणि काम मात्र उत्तम करायचा. सहाव्या महिन्यात इंजिनाला हवा-पेट्रोल पाजणारा कार्बोरेटर सोडवून घरी आणला. तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर तीन वेळा धुऊन, पुसून, चकचकीत करून नवरा निघाला तेव्हा सासूबाईंनी हाक मारली.

"अरे, त्या दुपट्यात काय गुंडाळलंयस?"

सासूबाईंनी जुन्या मऊ चादरींची सोळा दुपटी शिवली होती. त्यातल्या एकात कार्बोरेटर होता. नुसता नव्हे, बाळसंगोपनाच्या पुस्तकातल्या चित्राप्रमाणे नीट गुंडाळलेला, डोकं उघडं ठेवून.

"सराव करतोय गं आई," नवरा म्हणाला. "दोन्ही कामं होतात."

"मग मानेखाली हात धर! असा लोंबकळतोय तो!" सासूबाई म्हणाल्या, आणि स्वतः उठून त्यांनी त्याचा हात नीट केला.

त्याच महिन्यात सीट बसवली. पुढेमागे सरकायच्या पट्ट्या गंजून एकजीव झाल्या होत्या, तेव्हा सीट थेट तळाच्या पत्र्याला आवळायची असं मी ठरवलं. स्वतः बसून मोजमाप दिलं. पाय क्लचपर्यंत, हात स्टिअरिंगपर्यंत, पोट आणि स्टिअरिंगमध्ये चार बोटं जागा. "अगदी मापात!" मी म्हटलं. नवऱ्याने बोल्ट असे आवळले की जणू त्यांना तीस वर्षं चावायचं होतं.

आता तुम्ही म्हणाल, भौतिकशास्त्राच्या बाईने हे असं मोजमाप द्यावं? सहाव्या महिन्यात घेतलेलं माप आठव्यात उपयोगी पडत नाही हे कळायला भौतिकशास्त्र तरी कशाला हवं? पण त्या वेळी नाही सुचलं बुवा.

बघता बघता आठव्या महिन्याचा पहिला रविवार उजाडला. बाबा सकाळीच भंगारवाल्याला आणायला गेले होते. त्यांचं काम वक्तशीर, जमीन मोजणाऱ्याचं! ते परत यायच्या आत जीप चालू करून दारातच त्यांना आवाज ऐकवायचा असा माझा बेत होता. बॅटरी नवी, पेट्रोल ताजं. सासूबाई नातवासाठीचं की नातीसाठीचं, पण पिवळं असं काहीतरी विणत खुर्चीत बसल्या होत्या.

"पहिला स्टार्टर मीच मारणार," मी म्हटलं.

"तू मावशील का?" नवऱ्याने विचारलं.

मी सरळ जीपकडे वळले. श्वास आत ओढला, बाजूने तिरकी झाले, इंच इंच सरकले आणि बसले. मग श्वास सोडला.

तो सोडायला नको होता.

"काय झालं?" नवरा म्हणाला.

"काही नाही. जरा बस्तान बसलंय."

"बाहेर ये बघू."

मी आले नाही, कारण येताच येईना! पोट स्टिअरिंगखाली असं फिट्ट बसलं होतं जसं बाटलीला बूच. आतून बाळाने एक लाथ मारली ती थेट स्टिअरिंगला लागली, आणि जीपचा हॉर्न वाजला नाही याबद्दल मी देवाचे आभार मानले. त्याची वायर जोडायची राहिली होती.

"दुखतंय का कुठे?" नवऱ्याचा चेहरा पांढराफटक.

"दुखत नाही. नुसती अडकलेय. तू बोल्ट सोडव!"

त्याने पाना लावला. बोल्ट हलेना. त्याने दोन्ही हातांनी जोर लावला. त्याचाच बूट निघून आला. सासूबाईंनी विणकाम खाली ठेवलं. "मी साबणाचं पाणी आणते," त्या म्हणाल्या. "अंगठी निघते त्याने."

तेवढ्यात फाटक वाजलं. बाबा, आणि त्यांच्या मागे हातगाडी, तराजू आणि एक जाडजूड गृहस्थ.

भंगारवाल्याने जीपभोवती एक चक्कर मारली. पत्र्यावर बोटाने टकटक केली. मग माझ्यासमोर येऊन थांबला आणि बाबांना अदबीने म्हणाला, "साहेब, वजन ताईंसकट करायचं का?"

"ती काय करतेय आत?" बाबांनी नवऱ्याला विचारलं.

"चालू करतेय," नवरा म्हणाला.

"मग करू दे की!"

मी बटण दाबलं. इंजिनाने घसा खाकरला, अंग झटकलं, "खॅक… ऊंफ… ऊंफ" असं काहीतरी म्हणालं आणि गप्प बसलं. परत दाबलं. "ऊंफ!"

"ठिणगी?" मी ओरडले.

"आहे!" नवरा.

"पेट्रोल?"

"आहे!"

"मग झालं तर! चालू व्हायलाच पाहिजे!" मी पुन्हा पुन्हा दाबत होते. फळ्यावर अस्संच चालतं हो! बाण काढला की पिस्टन खाली, बाण काढला की वर. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. भंगारवाल्याने तराजूची साखळी सोडवायला घेतली होती, तिचा आवाज येत होता. बाबा मात्र दुसरीकडे बघत होते. मला रडताना बघणं त्यांना कधीच जमलेलं नाही.

"असू दे गं, मास्तरीणबाई," ते हळूच म्हणाले. "तू केलंस तेवढं पुष्कळ झालं."

"एक मिनिट," नवरा म्हणाला. "परत दाब."

"ऊंफ!"

"हा आवाज मी रोज ऐकतो." त्याने कान पुढे केला. "दवाखान्यात पेशंट असंच बोलतात. तोंडात…" आणि तो एकदम थांबला. त्याचे कान लाल झाले.

"तोंडात काय?"

"कापूस."

सासूबाईंनी हळूच पदर तोंडाला लावला.

"कार्बोरेटर काढल्यावर खाली भोकं उघडी पडली होती ना," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आत कचरा जाऊ नये म्हणून मी कापसाचे बोळे घातले. सवयीने."

"आणि काढले नाहीस?"

"घालायची सवय माझी आहे. काढायची सिस्टरची!"

म्हणजे हवा! जी सगळीकडे असते म्हणून मी तिची चौकशीसुद्धा केली नव्हती, तीच तेवढी इंजिनाला मिळत नव्हती. मी नवऱ्याला काय बोलणार? कपाळावर हात मारून घ्यावा तर हातही नीट वर येत नव्हता.

नवऱ्याने कपाळाला दिवा बांधला. कार्बोरेटर सोडवला, चिमटा घेतला, आरसा आत घातला आणि नेहमीच्या गोड आवाजात म्हणाला, "घाबरायचं नाही. दुखलं तर हात वर करा."

मी हात वर केला.

"तू नाही गं!"

"माझी कंबर दुखतेय!"

एक बोळा निघाला. दुसरा निघाला. काळे, पेट्रोलने भिजलेले. तिसऱ्याच्या वेळी भंगारवाला इतका वाकला की त्याचं डोकं नवऱ्याच्या दिव्यावर आपटलं. "आणखी एक आहे, डॉक्टर, डाव्या बाजूला," तो म्हणाला. चौथा निघाला तेव्हा टाळी त्यानेच वाजवली. नवऱ्याने चारही बोळे ओळीने मांडून दोनदा मोजले, कार्बोरेटर परत आवळला आणि मला मान हलवून खूण केली.

मी बटण दाबलं.

जीप चालू झाली! असा आवाज, असा आवाज, की पत्र्यांवरून दहा वर्षांची धूळ आमच्या डोक्यांवर आली! मी हसत होते, रडत होते, आणि पोटातलं बाळ आत ढोल बडवत होतं. बाबा पुढे आले. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. पत्रा तापला तरी तो काढला नाही.

मग इंजिन बंद करून मी म्हटलं, "बाबा, आता मला कोणीतरी काढा ना."

बाबांनी पाना घेतला आणि सत्तराव्या वर्षी पाठीवर झोपून ते जीपखाली सरकले. "जावईबापू, हा बोल्ट आवळलाय की गाडलाय?" एवढंच खालून ऐकू आलं. पाव तासाने सीट सुटली, सासूबाईंनी आणि नवऱ्याने ती माझ्यासकट मागे ओढली, आणि मी मोकळी झाले. बाबा खालीच.

"निघाले मी, बाबा. या आता बाहेर."

"थांब जरा. बघतोय." थोड्या वेळाने खालून आवाज आला, "खालचा सांगाडा अजून चांगला आहे गं. भाऊ, तुम्ही जा. ही द्यायची नाही."

भंगारवाला गेला, पण जाताना म्हणाला, "ताई, बाळ झालं की कळवा."

मुलगी झाली. चौथ्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात जीप उभी होती, धुतलेली, पुसलेली, आणि स्टिअरिंगवर बाबा! "मीच चालवणार," ते म्हणाले. "तुला आणली होती तशीच हिला नेणार." मी बाळाला घेऊन शेजारी बसले. नवरा मागे. सासूबाईंनी उंच पायरीकडे एकदा बघितलं. "तुम्ही व्हा पुढे. मी माझी येते चालत," त्या म्हणाल्या.

जीप एका दमात चालू झाली. मी दारातल्या नर्सकडे जरा ऐटीतच बघितलं.

"बाबा, दुसरा गिअर टाका ना."

"मान हलेल तिची."

पहिल्या वळणावर खड्डा दिसला. बाबांनी जीप थांबवली आणि नवऱ्याला उतरवून खोली बघायला पाठवलं. पुढे आणखी एक खड्डा. मग बाबांनी त्याला वर चढूच दिलं नाही. मोजणीला माणूस पुढे पाठवतात तसं त्याला जीपच्या पुढे चालत ठेवलं. तो हात करायचा, डावीकडे, उजवीकडे, सावकाश, थांबा. चारही चाकांना ताकद असलेली, डोंगर चढणारी आमची जीप त्याच्यामागून गोगलगाईसारखी येत होती. एका सायकलवाल्या आजोबांनी आम्हाला मागे टाकलं आणि वळून नमस्कार केला. कसली मिरवणूक आहे ते त्यांना कळलं नसावं. बाबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते आणि डोळे सारखे माझ्या मांडीकडे जात होते. "झोपलीय ना? झोपलीय ना?" मुलगी गाढ झोपली होती.

घरापाशी पोचलो. दार उघडं होतं. सासूबाई अंगणात दोरीवर धुतलेली दुपटी वाळत घालत होत्या. आत दूध तापवून, निववून, झाकूनही ठेवलेलं होतं.

"काय हो व्याही," त्यांनी बाबांना विचारलं, "वाटेत कुठे थांबला होतात का?"

"छे! कुठेच नाही!" बाबा जीपमधून उतरत अभिमानाने म्हणाले. "थेट आलो. आणि काय पळते हो अजून!"

मी मान खाली घालून बाळाचं दुपटं सारखं करत बसले. नवरा पायरीवर बसून बूट काढत होता. तो तर जवळजवळ सगळी वाट चालतच आला होता.