बावीस फुटांवरचा जावई

झाडावर चढायच्या पायऱ्या बदलायच्या, एवढंच मी ठरवलं होतं. (माझे निर्णय छोटेच असतात. ते वाढतात पुढे, माझ्या गैरहजेरीत.)

त्यामागचं दुखणं जुनं आहे. माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे एव्हर्टबाबांच्या स्वयंपाकघरातल्या एका भिंतीवर घरातल्या प्रत्येकाचा शिकारीचा फोटो आहे. माझी बायको ग्रेटा सोळाव्या वर्षी, हरणाची शिंगं धरून. तिचा भाऊ हार्लन सात वेळा. सासूबाई तर एप्रनमध्येच आहेत. म्हणे वाटाण्याचं सूप मंद आचेवर ठेवून मागच्या शेतात गेल्या आणि ते उतू जायच्या आत हरीण पाडून परत आल्या. त्यांच्या शेजारचा खिळा माझा. अकरा वर्षं तो मोकळा आहे आणि त्यावर सासूबाई माशा मारायची पट्टी अडकवतात.

यंदा सप्टेंबरात त्या सहज बोलल्यासारख्या म्हणाल्या, "नाताळाआधी भिंत रंगवून घ्यायची आहे. तो रिकामा खिळा काढून टाकते, लॉइड. उगाच हाताला लागतो."

घरचा जावई म्हणून माझी तेवढीच जागा होती त्या घरात, आणि तीही आता बुजवणार होते.

सॅडल माझ्याकडे होतंच. सॅडल म्हणजे कंबरेला बांधायचा रुंद पट्टा. दोरानं तो खोडाला अडकवायचा आणि तीरकमठा घेऊन झाडाला लटकत बसायचं. प्रश्न वर, बावीस फुटांवर, पोचायचा होता. टाउनशिपच्या कचेरीत मी कुत्र्यांचे परवाने देतो. त्या आठवड्यात एका बाईंच्या कुत्र्याच्या नावापुढे मी 'उंची बावीस फूट' लिहिलं, एवढं माझं चित्त पायऱ्यांत होतं.

आधी आणल्या स्क्रूच्या, खोडात पिळून बसवायच्या. त्या बघून एव्हर्टबाबांनी कॉफीचा कप खाली ठेवला.

"माझ्या ओकच्या झाडात लोखंड घालणार?"

"चारच स्क्रू, बाबा."

"उद्या तो ओक सॉमिलमध्ये गेला आणि करवतीचं पातं तुटलं, तर पात्याच्या जागी तुला बसवतील का?"

स्क्रू परत गेले. मग आले ॲल्युमिनियमचे दांडे, हातभर लांबीचे, पाय ठेवायला आडव्या पट्ट्या असलेले. बकलचा पट्टा असलेले वाजत होते, म्हणून दोरी बांधायचे घेतले. राहता राहिलं वजन. ते मी ग्रेटाच्या काट्यावर करत होतो.

"तो काटा पिठाचा आहे," ती म्हणाली.

"चार पायऱ्या दहा पौंड होतात. दोनच नेल्या तर पाच. एकीवर उभं राहायचं, खालची सोडायची, वर बांधायची."

"तू स्वतः किती भरतोस?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. पाच पौंड वाचवायला निघालास, म्हणून विचारलं."

तिनं मला दोरीची गाठ मात्र तीनदा शिकवली. ती मला चौथ्यांदा शिकवायला हवी होती.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, उजाडता उजाडता, मी त्या ओकवर चढलो. पायऱ्यांनी हूं की चूं केलं नाही. बावीस फुटांवर दोर खोडाला अडकवला, सॅडलमध्ये टेकलो, कमठा दोरीनं वर ओढून घेतला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मग वाटलं, एका पायरीवर दोन पाय अवघडतात, दुसरी जरा शेजारी बांधावी. म्हणून खालची सोडून हातात घेतली, तेवढ्यात पायाखालच्या पायरीची गाठ सुटली. तिला धरायला गेलो आणि हातातलीही गेली.

दोन्ही पायऱ्या एकमेकींवर आपटत, फांद्यांवर नाचत खाली गेल्या. मी लटकत राहिलो. सकाळ संपली, फोटो संपला, खिळा निघाला, असं सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि मला खरोखर रडू आलं.

आणि झाडापुढच्या दलदलीकडून धाडधाड आवाज आला.

त्या दिवसांत नर हरणं भांडतात. दोन शिंगं एकमेकांवर आपटून लोक मुद्दाम तसा आवाज काढतात आणि तासन्‌तास वाट बघतात. माझ्या पायऱ्यांनी ते काम फुकटात केलं होतं. भांडण कुणाचं ते बघायला दहा टोकांच्या शिंगांचा एक नर मान ताठ करून थेट ओकखाली आला. मी बाण सोडला तो नेमका बरगडीमागे बसला. वीस पावलांवर जाऊन तो पडला.

मी ग्रेटाला फोन लावला. "हरीण मारलं."

"कुणी?"

"मी."

"गाडीनं?"

"बाणानं."

"जागचा हलू नकोस. सगळ्यांना घेऊन येते."

"नाही हलत," मी म्हणालो. (इतका आज्ञाधारक मी संसारात कधी झालो नव्हतो.)

सगळे आले. हार्लननं शिंगांची टोकं दोनदा मोजली. एव्हर्टबाबा वर बघून म्हणाले, "वीस वर्षांत या ओकखाली एवढा पडला नव्हता." आणि त्यांनी टोपी काढली. माझ्यासाठी. छाती एवढी फुगली, की सॅडलचा पट्टा काचायला लागला.

"बाबा, शिडी," मी हळूच म्हणालो.

शिडी आली ती त्यांच्या बागेतली, बारा फुटी. सफरचंदाचं झाड कोण शहाणा बावीस फूट वाढू देतो? छपराची मोठी शिडी गावातून आणावी लागणार होती.

"जातो," हार्लन म्हणाला, "पण ऊन बघ किती तापलंय. हरीण आधी साफ करायला हवं."

"बरोबर," एव्हर्टबाबा म्हणाले. "आधी मांस, मग जावई."

"आणि फोटो त्याच्याही आधी," सासूबाई कॅमेरा काढत म्हणाल्या. "साफ केलेल्या हरणाचा फोटो मी भिंतीवर लावत नाही."

"पण मी वर आहे."

"मागे सरकून तुला घेते रे."

त्या जमतील तेवढ्या मागे सरकल्या, दलदलीत घोट्यापर्यंत. मी दुपारी एकला उतरलो. मधल्या वेळात ग्रेटानं कमठा ओढायच्या दोरीला बांधून वर सँडविच पाठवलं. आयुष्यातलं सर्वांत चविष्ट सँडविच ते.

भिंत रंगवून झाली. माझा फोटो माझ्या खिळ्यावर आहे, आणि चौकट घरातल्या सगळ्यांत मोठी. मधोमध हरीण, शिंगं धरून ग्रेटा, बाजूला बाबा, टोपी हातात. सगळ्यांत वर, कडेला, दोन बूट.

नाताळात आलेला प्रत्येक पाहुणा विचारायचा, "हे केवढं हरीण! ग्रेटानं मारलं?"

"छे," सासूबाई अभिमानानं सांगायच्या, "त्या बुटांनी."